'हटकणे'चा तिसरा साक्षीदार

'ह' हे अक्षर वर्णमालेत अगदी शेवटाकडे बसलेलं आहे, याचा जेवढा ताप मला झाला तेवढा दुसऱ्या कोणाला झाला नसेल. शब्दकोश छापायला लागला की 'अ'मध्ये राहिलेली चूक पुढच्या खंडाच्या पुरवणीत ढकलता येते. 'क'ची, 'प'ची, 'स'ची सुद्धा. 'ह'ला मात्र पुढचा खंडच नव्हता. त्यात जे सुटलं ते कायमचं सुटलं. आणि माझं एक क्रियापद सुटायच्या बेतात होतं.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट आहे. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत बोलीभाषांचा कोश तयार होत होता आणि मी तिथे शब्दसंग्राहक होते. म्हणजे नेमकं काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. त्या शेजारणींना "ती गावोगाव चौकशीला जाते" असं सांगायच्या, आणि शेजारणी मला पोलीस खात्यातली समजून दोन हात लांब राहायच्या.

काम सांगायला सोपं. गावात जायचं, माणसं बोलतात ते ऐकायचं, आणि कोशात नसलेला शब्द किंवा नवा अर्थ कानावर पडला की कार्डावर उतरवायचा. शब्द काय, वाक्य काय, कोण बोललं, कुठे बोललं. बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके माझ्याकडे होते. एसटीने उतरायचं आणि पुढे मिळेल ते वाहन धरायचं: दुधाची गाडी, ट्रॅक्टरची ट्रॉली, एमआयडीसीत पाळीला निघालेल्या एखाद्या भल्या माणसाच्या मोटारसायकलची मागची सीट. त्या दिवसांत मला भीती म्हणून कशाची वाटली नाही. नवा शब्द सापडला की अंगावर काटा यायचा, आणि तो सांगायला कोणी नसलं तर मी एसटीच्या कंडक्टरला सांगायचे.

आमच्या मुख्य संपादकांना आम्ही नुसतं सर म्हणायचो. त्यांचा एक नियम होता आणि तो मोडलेला मी कधी पाहिला नाही. कुठलाही अर्थ कोशात जायचा तर त्याला तीन साक्षीदार हवेत, तीन वेगवेगळ्या गावांतले. आणि तो शब्द त्यांनी आपणहून बोललेला हवा, विचारून काढलेला चालायचा नाही. सुरुवातीला मला हा निव्वळ खडूसपणा वाटला. मग सरांनीच मला एक खोटा शब्द बनवून दिला, 'गुंबाळणे', आणि म्हणाले, जा, विचारून या. काटेवाडीत एका म्हाताऱ्या आबांना मी विचारलं, तुमच्याकडे 'गुंबाळणे' म्हणतात का. आबांनी पटका सारखा केला आणि म्हणाले, व्हय, म्हंतो की. वर वापरूनही दाखवला. परगावची बाई एवढ्या लांबून उन्हातनं आली, तिला नाही कसं म्हणायचं, एवढाच त्यांचा विचार. त्या दिवसापासून मी विचारणं सोडलं आणि वाट बघायला शिकले. ते शिकणं पुढे माझ्या अंगाशी आलं.

माझं क्रियापद होतं 'हटकणे'. शब्द तुम्हाला माहीत आहे. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन हटकतो, कुठं चाललात, कोणाकडे जायचंय. आमच्या कोशाच्या कच्च्या नोंदीतही तेवढंच होतं: 'वाटेत अडवून दरडावून विचारणे'. व्युत्पत्तीच्या बाजूने सरांचं म्हणणं असं की मूळ 'हट', म्हणजे मागे सरणं, त्यातूनच हटणं, हटवणं आणि हटकणं. हिंदीत 'हटकना' आहे, मना करणं या अर्थाने. इथपर्यंत माझं भांडण नव्हतं. पण मागे सरायला लावणं आणि दरडावणं यांत काहीतरी गाळलं गेलंय, असं मला सारखं वाटायचं. आणि काय गाळलंय ते मला एका मेंढपाळाने सांगितलं होतं.

त्यांचं नाव बिरूतात्या. भवानीनगरच्या पुढे, इंदापूरच्या वाटेवर, एका माळाच्या कडेला त्यांची वस्ती होती. घराणं पूर्वी मोठी खिल्लारं घेऊन फिरायचं. पाणी आलं, ऊस आला, माळ आवळत गेले आणि मेंढ्या तीस-चाळीसवर आल्या. मुलगा संपत एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात लागला होता. मेंढ्या कोणाच्या ना कोणाच्या रानात शिरायच्या, तक्रारी घरी यायच्या, आणि संपतला कामावरून येऊन लोकांच्या पाया पडावं लागायचं. शेवटी त्याने बापाला बजावलं होतं की आता एक जरी तक्रार आली तर सगळी मेंढरं बाजारात नेईन. तात्यांनी हे मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, मेंढ्यांकडे बघत होते. त्या गेल्या तर या माणसाने सकाळी उठायचं कशासाठी, हे मला तेव्हाच कळलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं, हे आधीच कबूल केलेलं बरं.

त्या भेटीत मी विचारलं होतं, तात्या, मेंढी पिकात शिरायला लागली तर काय करता. ते म्हणाले, हटकतो. मी म्हटलं, म्हणजे अडवता. त्यावर त्यांनी मला जे सुनावलं ते मी शब्दन् शब्द लिहून घेतलं.

"अडवनं येगळं, बाई. पाऊल टाकायच्या आदी हटकायचं. टाकल्यावर अडवायचं. आन् तुडवून झाल्यावर नुसतं वरडायचं, त्याला काय अर्थ न्हाय."

तीन क्रियापदं आणि तिन्हींची वेळ वेगळी! मी माळावर नाचायचीच काय ती बाकी होते. हटकण्यात दरडावणं नाहीच, हटकण्यात वेळ आहे. समोरचा नको ते करणार, पण अजून केलेलं नाही, तेवढ्या फटीत हाक द्यायची आणि त्याचं तोंड वळवायचं. तात्यांनी दाखवूनही दिलं. कळपाच्या पुढे चालणारी म्होरकी मेंढी होती, तिचं नाव चंद्री. ती पिकाकडे मान वळवते त्याआधी तिचा कान वळतो. कान वळला की हाक. मान वळल्यावर हाक दिली तर निम्मा उशीर झालेला असतो. म्होरकी फिरली की बाकीच्या आपोआप फिरतात. त्यांच्यात रीतही अशी की पिकाच्या बांधावर जो कोणी उभा असेल तो राखणदार. त्याला वेगळं सांगायचं नसतं. पाहुणा असो, पोस्टमन असो, बांधावर उभा आहे म्हणजे त्याने मेंढरू हटकायचं. ही रीतही मी वहीत टिपून घेतली, खाली रेघ मारून.

पुण्याला येऊन मी सरांपुढे कार्ड ठेवलं. सरांनी वाचलं आणि बाजूला सारलं. म्हणाले, तुम्ही विचारलंत, बाद. मी म्हटलं, सर, शब्द मेंढपाळांकडूनच आला असणार, बघा ना किती नेमका आहे. सर म्हणाले, इच्छा म्हणजे पुरावा नव्हे. मग त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. 'ह'ची पानं छापखान्यात जायला आठ दिवस होते. आठ दिवसांत तीन साक्षीदार आणा, ते म्हणाले, नाहीतर वॉचमनवर समाधान माना.

असे आठ दिवस पुन्हा माझ्या आयुष्यात आले नाहीत. दुसऱ्याच दिवशी भवानीनगरला कारखान्याच्या आवारात उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. मी चहा घेत उभी होते. एका गाडीवानाने रांग मोडून गाडी पुढे काढली, मग जी बोंबाबोंब झाली त्यात एक म्हातारा गाडीवान शेजारच्यावर डाफरला की बैलांना हात लावला तेव्हाच हटकायचं, आता गाडी पुढे गेल्यावर बोंबलून काय उपयोग. माझ्या हातातला चहा सांडला. आपणहून! आणि वेळेसकट! मी त्या म्हाताऱ्याचं नाव, गाव विचारलं, तेव्हा त्याला वाटलं मी कारखान्यातली आहे आणि रांग मोडणाऱ्याचं नाव लिहून घेतेय. त्याने आनंदाने तिघांची नावं सांगितली.

दुसरा साक्षीदार काटेवाडीत मिळाला. दूध घालायला आलेल्या एक काकू संकलन केंद्राच्या पायरीवर बसून माझ्याशी त्यांच्या मुलीबद्दल बोलत होत्या. मुलगी हुशार, पण नववीत शाळा सोडून बसली. "घरात येवढी मानसं," काकू म्हणाल्या, "पर दप्तर फळीवर ठेवलं तवा कुनीच तिला हटकलं न्हाय. मीबी न्हाय." बोलून त्या किटली घेऊन उठल्या. मी पायरीवरच कार्ड लिहिलं. त्यांच्या मुलीचं वाईट वाटायच्या आधी मला शब्दाचा आनंद झाला होता. तेव्हा ते मला खटकलं नाही, आता खटकतं.

सहाव्या दिवशी मी तात्यांच्या माळावर पुन्हा गेले. हिशेब सोपा होता: जिथे रोज मेंढ्या हटकल्या जातात तिथे दिवसभर बसलं तर शब्द कानावर पडणारच. तात्या मला बघून खूश झाले. मी काहीही विचारलं नाही. त्यांच्या मागे मागे हिंडत राहिले, दुपार झाली, तात्या हाका देत होते, चंद्री फिरत होती, पण शब्द काही निघेना. काम करणारा माणूस कामाचं नाव कशाला घेईल?

उन्हं कलताना आम्ही वस्तीशेजारच्या मंदाकाकींच्या रानाजवळ आलो. काकींची भेंडी-गवार होती, आणि कडेला गाईसाठी केलेलं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी. ते कापून नेलेलं होतं आणि बुडख्यांतून हिरवेगार फुटवे वर आले होते. मी त्या बांधावर उभी होते. तात्या माझ्यापासून चांगलेच लांब, पाठमोरे, एका कोकराच्या खुरातला काटा काढत बसले होते. कळप मधे चरत होता.

आणि मी चंद्रीचा कान वळताना पाहिला.

तात्यांनी शिकवलं होतं तस्साच. कान वळला, मग मान, आणि ती कडवळाकडे निघाली. मी अगदी समोर होते. तोंडातून नुसता आवाज काढला असता, हात वर केला असता, तरी ती फिरली असती. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. आता तात्या बघतील, आता ओरडतील, माझ्यावर किंवा स्वतःवर चिडून काहीतरी बोलतील, आणि त्या वाक्यात माझा शब्द असेल. मी मधे तोंड घातलं तर प्रसंग नासेल. मी खरंच श्वास रोखून उभी राहिले. चंद्री माझ्या पदराला घासून बांध चढली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. सात-आठ मेंढ्या आत गेल्या तेव्हा तात्या अजून काटाच काढत होते. मला वाटलं, चार पानं खातील, एवढंच ना.

किंकाळी मंदाकाकींची होती. त्या भेंडीतून धावत आल्या, हातातली पाटी टाकून. पिकासाठी धावल्या असं मला वाटलं. त्या ओरडत होत्या की फुटवा हाय, मरत्याल, बाहेर काढा. पाण्याच्या ताणावर वाढलेल्या कडवळाच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत असतं. मला शब्द माहीत होते.

पुढचा अर्धा तास मला तुकड्यांत आठवतो. तात्या धावत आले, मेंढ्या बाहेर काढल्या. चंद्रीने सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त खाल्लं होतं. तिचे पाय लटपटायला लागले, श्वास जोरजोरात चालू झाला. काकींनी घरातून गुळाची ढेप आणली, बादलीत पाणी घातलं. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून मेंढ्यांना बाटलीने गुळाचं पाणी पाजत होतो. रस्त्याने जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याला काकींनी जनावरांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. डॉक्टर सुया घेऊन आले तोपर्यंत चंद्री गेली होती. तिच्याबरोबर आणखी एक. बाकीच्या, सुया टोचल्यावर, एकेक करून उभ्या राहिल्या. शेवटची उठली तेव्हा मंदाकाकी रडल्या. त्यांनी एका शब्दाने पिकाची तक्रार केली नाही.

पण बातमी संपतपर्यंत गेलीच. तो पाळी संपवून मोटारसायकलवरून थेट रानात आला, अंगावर कारखान्याचे कपडे तसेच. त्याने मेलेल्या दोन मेंढ्या पाहिल्या आणि बापाला विचारलं, तुमचं लक्ष कुठं होतं. तात्या जमिनीकडे बघत म्हणाले, माजंच ध्यान न्हवतं. संपत आवाज न चढवता म्हणाला की मग झालं, या आठवड्याच्या बाजारात सगळी काढू, तुमच्यानं आता होत नाही. तात्यांनी मान हलवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी गप्प बसले असते तर कोणाला काही कळलं नसतं. तेवढा मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण तात्यांची ती हललेली मान मला सोसवेना. मी म्हटलं, संपत, तात्यांची चूक नाही. बांधावर मी उभी होते. चंद्री माझ्या डोळ्यांसमोरून आत गेली. मी बघत होते.

मग तात्यांनी सावकाश मान वर केली. रागावलेले नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचं होतं.

"बगत व्हता," ते म्हणाले, "मग हटकलं का न्हाय?"

आता जे सांगते ते सांगायला मला फार जड जातंय. ते वाक्य कानावर पडलं आणि मला आधी आनंद झाला. तिसरा साक्षीदार! तिसरं गाव, न विचारता, नेमक्या अर्थाने! माझा हात खांद्यावरच्या शबनम पिशवीतल्या पेनापर्यंत गेला. माझ्यापासून हातभर अंतरावर चंद्री पडलेली होती. हात तिथेच थांबला आणि मग मला स्वतःची लाज वाटली. मी खाली बसले. तुम्ही तो शब्द बोलावा म्हणून, हे उत्तर कसं देणार?

तरी दिलं. कोशाचं, तीन साक्षीदारांचं, सगळं सांगितलं. संपत माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसा बघत राहिला. मग मला जे बोलायचं ते बोलला, आणि त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. शेवटी बापाकडे वळून म्हणाला, बांधावर मानूस हुबं व्हतं, तुमच्या ध्यानात खोट न्हाय, मग बाजाराचं राहू द्या. एवढं बोलून तो मेलेल्या मेंढ्या उचलायला वाकला. मंदाकाकींनी दुसरीकडून हात लावला.

कळप राहिला. पण म्होरकी गेल्यावर तो नुसता घोळका होता. नवी म्होरकी तयार करायला तात्यांना वर्ष लागलं, आणि ती चंद्रीसारखी झाली नाही, असं ते म्हणायचे. दोन मेंढ्यांची भरपाई मी देऊ केली तर त्यांनी घेतली नाही.

कार्ड मी लिहिलं. रात्रभर तळमळून सकाळी लिहिलं, कारण वाक्य खरं होतं आणि न लिहिल्याने चंद्री परत येणार नव्हती. सरांनी तिन्ही कार्डं ओळीने मांडली, चष्मा काढून पुसला आणि जुनी नोंद खोडली. नवीन अर्थ पहिला आला: 'कोणी नको ते करण्याआधी हाक देऊन वा विचारून त्याला मागे वळवणे'. वॉचमन दुसऱ्या क्रमांकावर गेला. व्युत्पत्तीत मात्र सरांनी 'हट' एवढंच ठेवलं. शब्द मेंढपाळांचा आहे, हे मला आजतागायत सिद्ध करता आलेलं नाही. वाक्यांपैकी त्यांनी तात्यांचंच निवडलं. म्हणाले, काय जिवंत वाक्य आहे, कुठे मिळालं? मी म्हटलं, इंदापूरकडे.

खंड छापून आला तेव्हा मी तो घेऊन माळावर गेले. तात्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं, जाडी बघितली, वजन बघितलं, आणि मला त्यांचं पान काढायला लावलं. मी नोंद वाचून दाखवली, त्यांचं वाक्यही. स्वतःचं बोलणं छापलेलं ऐकून ते हसले. मग त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"ह्यात चंद्री न्हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, तात्या, कोशात तेवढी जागा नसते.

त्यांनी पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "मग तुमी सांगत जावा," म्हणाले. "न्हायतर वाचणाऱ्याला वाटंल, कुनीतरी उगीच वरडलं."

त्यानंतर कॉलेजांतून, शिबिरांतून, किती व्याख्यानांत मी हा शब्द रंगवून सांगितला. भवानीनगरचा गाडीवान सांगितला, काटेवाडीच्या काकू सांगितल्या, आणि तिसरा साक्षीदार इंदापूरकडचे एक मेंढपाळ, असं म्हणून पुढच्या शब्दाकडे गेले. तात्या गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. चंद्रीचं मी आज पहिल्यांदा सांगतेय.